साडेतीनचा सूर्यास्त

कुपवाडच्या कोल्ड स्टोरेजात, चार नंबरच्या खोलीत
बेदाणा झोपतो चार अंशांवर.
तिथं उभ्या आहोत मी आणि अनंतमती वन्सं,
हमालांचे जाड कोट चढवून,
किती वेळ सोसतंय ते बघत.
हेलसिंकीत नोव्हेंबरला एवढंच असतं, मी म्हणते.
मग एवढ्यासाठी विमान कशाला, वन्सं म्हणतात
आणि हसतात, तोंडातून वाफ निघते,
ती वाफ बघून पुन्हा हसतात.

ऑस्लो आधीच खोडलं. स्टॉकहोमही.
कोपनहेगनला नुसता चहा चारशेला,
तेवढ्यात इथं किलोभर माल येतो,
तोही हिरवा, लांब मण्याचा.
राहिलं हेलसिंकी :
मुंबईहून, मध्ये अकरा तास कुठल्याशा विमानतळावरची खुर्ची,
सामान सात किलो, परतावा नाही.
ट्रामच्या पासात मात्र बेटावरची होडीही धरलेली,
हे वन्संना फार आवडलं.
मंगळवारी रात्री उतरतं असं कुणी म्हणालं
म्हणून तीन मंगळवार जागले.
भाव पूर्वीच्या हळदीच्या सौद्यासारखा,
रुमालाखाली कोण कुणाची बोटं दाबतंय
आणि आपण बाहेर उभे.

जूनमध्ये दुप्पट, नोव्हेंबरात निम्मं.
पण नोव्हेंबरात तिथं
सूर्य मावळतो दुपारी साडेतीनला.
आणि वन्सं सूर्य मावळल्यावर खात नाहीत,
वयाच्या नवव्या वर्षापासून.
लग्नात नाही, बारशात नाही,
मिरजेच्या दवाखान्यात सलाइन लावलेलं तेव्हा
डॉक्टरशी भांडल्या होत्या.

मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं :
उजाडतं पावणेनऊला.
नऊला उपमा, उकळतं पाणी ओतायचा.
तीनला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसूण न घातलेली.
सव्वातीनला पाणी.
पुढं सतरा तास रात्र.

आणि जूनमध्ये गं?
जूनमध्ये मावळतो अकराला. रात्रीच्या.
वन्सं गप्प.
म्हणजे दहाला जेवलं तरी चालतंय?
बावन्न वर्षं बंद दुकानाचं शटर
कुणी वीतभर वर केल्यासारखा चेहरा.
मग स्वतःच म्हणाल्या,
नको. दुप्पट पैसे मोजून
सूर्याला थांबवून धरायचं, ते काही खरं नव्हे.
नोव्हेंबरच कर.

पेट्यांच्या काट्यावर बॅग ठेवली : सात किलो चारशे.
चटणी काढू का?
चटणीला हात लावू नकोस. स्वेटर अंगात घालीन, दोन्ही.

व्हिसाच्या अर्जात रकाना आहे, प्रवासाचा हेतू.
मी लिहिलं, पर्यटन.
वन्सं म्हणाल्या, खरं लिही की,
दिवस केवढा असतो ते बघायला.
पुढचा रकाना, परत येणार याचा पुरावा.
त्यांनी खोलीभर बघितलं,
छतापर्यंत लावलेल्या पेट्यांकडं,
आणि म्हणाल्या, तेराशे पेट्या माझ्या नावावर इथं झोपल्यात,
त्यांना टाकून कुठं जाणाराय मी?

कार्डाचा नंबर घातला. ओटीपी येईना.
या भिंतींतून थंडी बाहेर जात नाही
आणि सिग्नल आत येत नाही.
दार ढकललं तर एप्रिल अंगावर आला,
एकोणचाळीस अंश, आम्ही कोटांत,
वजनकाट्यावरचा पोरगा बघतच राहिला.
मोबाइलवर घड्याळ उलटं चाललेलं : चौदा मिनिटं,
मग हा भाव जाणार.

वन्संनी कपाळावर हात धरून पश्चिमेला बघितलं.
सहा वाजून गेले की गं. डबा आण आधी.
अहो, भाव चढेल.
चढू दे. तो काय आपल्यासाठी थांबतोय?
कोण तो, ते विचारलं नाही.

पायरीवर कोट अंथरून बसलो.
पहिला घास तोंडात, हाताला तेल-तिखट,
आणि मोबाइल थरथरला.
वन्सं चष्मा वर करून, पडद्याला बोट न लावता,
काट्यावरचं वजन सांगावं तसं
एकेक आकडा मोठ्यानं वाचू लागल्या,
चार... शून्य... पुन्हा चार...
मी डाव्या हातानं भरत गेले.